सभामंडपातील कासव आणि किनाऱ्यावरील कासव

(जीर्णोद्धार सोहळ्यातील सायंकाळच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या सहकार्याने पार पडला. जुने छप्पर उतरले, नवा सभामंडप उभा राहिला, फरशी बसली, शिखराला रंग लागला. या साऱ्या उलथापालथीत एका वस्तूला मात्र गावाने हात लावू दिला नाही. ती म्हणजे गाभाऱ्यासमोर, नंदीच्या पुढ्यात जमिनीत बसविलेले दगडी कासव. फरशी बसविताना गवंडी म्हणाला, कासव दोन बोटे वर येते आहे, भक्तांना ठेच लागेल, काढून बाजूला ठेवू. म्हातारी मंडळी एकमुखाने नको म्हणाली. शेवटी फरशीच कासवाभोवती कापून बसविण्यात आली. ज्यांना खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनी दर्शनाला जाताना पाहावे. काप थोडा वाकडा आला आहे, पण कासव जागच्या जागी आहे.

विष्णूचा दुसरा अवतार कूर्म, आणि तो शंकराच्या देवळात नंदीपुढे बसलेला, याचे नवल कोणाला वाटत नाही. महाराष्ट्रात कोणत्याही गावी जा, देवळात कासव असायचेच. गीतेत स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना भगवंतांनी कासवाचाच दाखला दिला आहे. कासव जसे सर्व बाजूंनी आपले अवयव आत ओढून घेते, तशी ज्ञानी माणसाने इंद्रिये आवरावीत, असा त्याचा आशय. कीर्तनकार आणखी एक दाखला नेहमी देतात. कासवी पिलांना दूध पाजत नाही, कुशीत घेत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. तसा देव भक्ताला दुरून सांभाळतो.

आजचे बोलणे या कासवाच्या भाऊबंदांविषयी आहे. देवळाच्या मागील सुरूच्या बनापलीकडे, वाळूत, दरसाल थंडीच्या दिवसांत येणाऱ्या समुद्रकासवांविषयी.

त्याला इंग्रजीत ऑलिव्ह रिडले म्हणतात. पाठीचा रंग ऑलिव्ह फळासारखा हिरवट, म्हणून ऑलिव्ह. पाठ दोन सव्वादोन फुटांची, वजन एका पोत्याएवढे. गंमत अशी की गीतेतला दाखला या कासवाला लागू पडत नाही. विहिरीतले आणि तळ्यातले कासव मान व पाय कवचात ओढून घेऊ शकते, समुद्रातले कासव घेऊ शकत नाही. त्याचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतात आणि ते कायम बाहेरच राहतात. म्हणजे पोहण्यात ते पटाईत, परंतु वाळूवर आले की त्याच्यापाशी स्वतःला झाकायला काही नाही. कुत्रा आला, कोल्हा आला, माणूस आला, तर ते तसेच उघडे.

मादी रात्री भरतीच्या पाण्याबरोबर येते, पाण्याच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत मागच्या पायांनी हात दीड हात खोल खड्डा उकरते. खड्ड्याचा आकार मडक्यासारखा, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. त्यात शंभराच्या आसपास, कधी सव्वाशेपर्यंत अंडी घालते. अंडी पांढरी, गोल, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी. मग वाळू लोटून, स्वतःचे अंग आपटून ती जागा दाबून टाकते आणि निघून जाते. ती परत घरट्याकडे येत नाही. पंचेचाळीस ते साठ दिवस वाळूची ऊब अंडी उबवते. त्यातही वाळू किती तापली यावर नर की मादी हे ठरते. साधारण तीस अंशांच्या आतबाहेर ही सीमारेषा आहे, त्याहून गरम वाळूत माद्या अधिक, थंड वाळूत नर अधिक.

तेव्हा कीर्तनातली नजर प्रत्यक्षात आई ठेवीत नाही. ती केव्हाच समुद्रात गेलेली असते. ही नजर दुसऱ्या कोणी ठेवावी लागते. ती कशी ठेवावी हे याच जिल्ह्यातल्या एका गावाने करून दाखविले आहे.

ते गाव वेळास. मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखापाशी, बाणकोटच्या किल्ल्याजवळ. खाडीपलीकडे रायगड जिल्ह्यातले हरिहरेश्वर. पेशवाईतील नाना फडणीसांचे हे मूळ गाव म्हणून जुन्या मंडळींना ठाऊक असेल. सन २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेचे कार्यकर्ते किनाऱ्यावर समुद्रगरुडाची पाहणी करीत फिरत होते. वेळासच्या वाळूत त्यांना अंड्यांची टरफले दिसली. चौकशी करता कळले की ही कासवाची अंडी, आणि ती गावकरी काढून नेतात, काही खातात, काही विकतात. यात गावाला लाज वाटण्यासारखे त्या वेळी काही नव्हते. समुद्राकाठच्या माणसाने समुद्र देईल ते घ्यायचे, असाच रिवाज होता, आणि तो एकट्या वेळासचा नव्हता. या गावातही सत्तरीच्या पुढच्या कोणालाही विचारावे. कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याने वाघाच्या पंक्तीत बसविलेले आहे. परंतु अनुसूची किनाऱ्यावर वाचून दाखवायला कोणी येत नसतो.

संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी यांनी येथे एक शहाणपण केले. त्यांनी पोलिसांत वर्दी दिली नाही. घरटे कोठे आहे हे सर्वांत चांगले कोणाला कळते? जो अंडी काढतो त्याला. वाळूवर उमटलेला पायांचा माग तोच ओळखतो, काठी टोचून पोकळी कोठे आहे हे तोच सांगतो. तेव्हा अशाच माणसांना राखणीच्या कामावर घेतले, मानधन दिले. पहिल्याच हंगामात दोन हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात गेली. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या असे तेव्हा कोणी म्हटलेही असेल. पण ज्यांच्या हाती त्या दिल्या त्यांनी त्या सांभाळल्या.

कामाची रीत अशी. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत राखणदार, ज्यांना आता कासवमित्र म्हणतात, रात्री आणि पहाटे किनारा चालून काढतात. माग दिसला की त्यावरून घरटे शोधतात. अंडी हाताने उकरून टोपलीत, त्याच वाळूत ठेवतात. येथे एक काळजी फार महत्त्वाची. अंडे फिरवायचे नाही. वरची बाजू वर, खालची खाली. घातल्यानंतर काही तासांतच आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटू लागतो, मग अंडे उलटे झाले तर तो मरतो. म्हणून अंडी लवकरात लवकर न्यायची आणि नाही जमले तर तेथेच राखायची. नंतर भरतीच्या रेषेबाहेर जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत, मादीने खणला होता तेवढाच खोल आणि त्याच आकाराचा खड्डा खणून त्यात अंडी ठेवायची. प्रत्येक खड्ड्यावर पाटी लावायची. तीत घरटे कोणत्या तारखेला सापडले, अंडी किती, हे लिहिलेले असते. सुमारे दीड महिन्यानंतर खड्ड्यावर टोपली पालथी घालतात आणि वेळोवेळी ती उचलून पाहतात. पिल्ले वर आली असतील तर मोजून घेतात आणि पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात. थेट पाण्यात सोडीत नाहीत. तेवढे अंतर त्यांनी आपल्या पायांनी चालावे, त्या वाळूची ओळख त्यांना व्हावी, असा हेतू असतो.

या पाट्यांविषयी आणि वह्यांविषयी दोन शब्द अधिक बोलणे भाग आहे, कारण देवस्थानांच्या कारभारात याचेच वावडे असते. कचेरीत एक म्हण आहे, नोंद नाही ते घडले नाही. वेळासला घरटी किती, अंडी किती, पिल्ले किती निघाली, किती अंडी वाया गेली, हे सारे वर्षानुवर्षे लिहून ठेवले गेले. त्या लिखाणाच्या बळावर वनखाते पुढे आले, मदत आली, दुसऱ्या गावांना दाखवायला पुरावा झाला. नुसते आमच्याकडेही पुष्कळ कासवे येतात असे तोंडी सांगणारी गावे कोकणात बरीच होती. त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही.

मग २००६ साली कासव महोत्सव सुरू झाला. महोत्सव म्हटले की मंडप, कर्णे, पाहुणे आणि हारतुरे डोळ्यांपुढे येतात. तसे तेथे काही नसते. पिल्ले निघण्याच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, पुण्या-मुंबईची माणसे येतात. सकाळी सातच्या सुमारास आणि सायंकाळी सूर्य बुडता बुडता किनाऱ्यावर दोरी बांधलेली असते, तिच्या मागे उभी राहतात. पिल्लांना हात लावायचा नाही, छायाचित्र काढताना झगझगीत प्रकाश टाकायचा नाही. टोपलीखाली त्या दिवशी पिल्ले आली असतील तर दिसतात, नसली तर नाही. कित्येक जण दोन दिवस राहून काहीही न पाहता परत जातात. आणि तरी पुढच्या वर्षी येतात. हे कसे, असे विचारले तर उत्तर जेवणात आहे. कारण वेळासला त्या वेळी हॉटेल नव्हते आणि गावाने ते बांधायची घाईही केली नाही. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. पडवीत झोपतात, घावन, उकडीचे मोदक, सोलकढी खातात, सकाळी विहिरीवरच्या गार पाण्याने तोंड धुतात. पैसे त्या त्या घराच्या हातात येतात. आणि घरात म्हणजे बहुधा घरातल्या बाईच्या हातात, कारण रांधणे तिचे. पावसाळा संपल्यावर जी बाई मुंबईच्या मनीऑर्डरीची वाट पाहत बसे, तिच्या घरी शिमग्याच्या आधी चार पैसे खेळू लागले. अंडी विकून कोणाला एवढे कधी मिळाले नव्हते. कासवाविषयी वाटणारी आस्था येथूनच आली असे काही शहरी लोक नाक मुरडून म्हणतात. म्हणोत. देवळाच्या जत्रेतही नारळवाल्याला भक्तीबरोबर गल्ला लागतोच, म्हणून जत्रा खोटी ठरत नाही.

पुढे आंजर्ले, गुहागर आणि कोकणातील इतर किनाऱ्यांवर हेच काम वनखात्याच्या देखरेखीखाली सुरू झाले. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ साली निघाला, त्याच्या प्रतिष्ठानाचा हातभार लागला. मच्छीमार बांधवांसाठी २०१८ साली एक योजना आली. जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित जीव अडकला आणि त्याला सोडविण्यासाठी जाळे कापावे लागले, तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. कापलेल्या जाळ्याचे आणि जीव सोडल्याचे छायाचित्र मात्र हवे. जाळ्यात आलेल्या कासवाला हळदकुंकू लावून परत सोडणारे कोळी बांधव पूर्वीही होते. त्यांच्या पदरचे नुकसान कोणीतरी प्रथमच कागदावर धरले.

आता दोन उलट बाजूचे दाखले. मालवणला १९८७ साली सरकारने सागरी अभयारण्य जाहीर केले, एकोणतीस चौरस किलोमीटरहून थोडे अधिक. परंतु मच्छीमारांना विश्वासात घेतले गेले नाही असे त्यांचे म्हणणे राहिले, आपला धंदा बुडेल ही भीती गेली नाही, आणि कित्येक वर्षे अभयारण्याचे नाव काढले की सभेत आवाज चढत. वेळासला असे कोणतेही अभयारण्य जाहीर झाले नव्हते, तरी कासव राखले गेले. दुसरा दाखला गोव्यातल्या मोरजीचा. तेथेही गावकऱ्यांनी आणि वनखात्याने मिळून घरटी राखायला घेतली, चांगले काम झाले. पण पर्यटक वाढले, किनाऱ्यावर खाटा आल्या, गाणी आली, आणि मुख्य म्हणजे दिवे आले. राखणदारांचा निम्मा जीव तेव्हापासून या गोष्टींशी झगडण्यात जातो.

दिवे का वाईट, हे नीट समजून घेणे जरूर आहे. पिल्लू रात्री वाळूतून वर येते तेव्हा त्याला दिशा सांगणारे कोणी नसते. जिकडे क्षितिज उजळ तिकडे जायचे, एवढेच ते जाणते. उघड्या समुद्रावर आकाशाचा उजेड पडतो, जमिनीकडे झाडांची काळी सावली असते. लाखो वर्षे उजळ बाजूला समुद्रच होता. आता उजळ बाजूला घर असते, रस्ता असतो, हॉटेल असते. पिल्लू तिकडे चालू लागते. चालता चालता थकते, सुकते, कुत्र्याच्या नाहीतर कावळ्याच्या तोंडी जाते. हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते असे जाणकार सांगतात. हा हिशेब तसाच फार कडक आहे, त्यात माणसाने भर घातली तर शिल्लक काय राहणार?

आणि जी मोठी होतात ती किती दूर जातात पाहा. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसविले, तिचे नाव प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावर असे प्रथमच झाले, म्हणून ते नाव. पुढच्या वर्षी गुहागरला यंत्र लावलेली बागेश्री नावाची मादी दक्षिणेकडे निघाली ती केरळ ओलांडून, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. आणि ओडिशात २०२१ साली पायाला धातूची चकती लावलेली मादी २०२५ साली गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. ओडिशाच्या गहिरमाथ्याला एकेका रात्री हजारो कासवे येतात. तिकडची कासवे वेगळी, इकडची वेगळी, असे आजवर समजत असत. तेव्हा या किनाऱ्यावर राखलेले घरटे ही एका गावापुरती बाब राहिलेली नाही.

आता या गावाची गोष्ट. ती सांगताना कोणाला दुखवण्याचा हेतू नाही, हे आधी नमूद केलेले बरे.

मंदिराच्या पश्चिमेकडील भिंतीचे काम सर्वांत आधी पुरे झाले. त्या भिंतीवर, समुद्राच्या बाजूला, सहा मोठे दिवे बसले. गावच्याच एका मुंबईस्थित कुटुंबाने ते वडिलांच्या स्मरणार्थ दिले. देताना मनात हेतू असा की म्हाताऱ्या माणसांना मागील पायऱ्या अंधारात दिसत नाहीत, आणि रात्री होडी घेऊन येणाऱ्याला लांबून देवळाची खूण पटावी. याहून चांगला हेतू कोणता असणार? गेल्या महाशिवरात्रीला ते दिवे रात्रभर तेवत ठेवले गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे झाडलोट करणाऱ्या बाई मागील बाजूस गेल्या तेव्हा पायऱ्यांच्या तळाशी, निर्माल्याच्या हौदाला चिकटून, कासवाची सत्तावीस पिल्ले पडलेली होती. चार जिवंत होती. बाईंनी ती ओच्यात घेऊन समुद्रावर नेली आणि मग येऊन पुजाऱ्यांना सांगितले. उरलेली तेवीस त्यांनी पारिजातकाच्या मुळाशी पुरली. त्या दिवशी उत्सवाची गडबड होती म्हणून हे चार लोकांपलीकडे गेले नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते कागदावर येत आहे.

देवाच्या दारी आलेल्या जिवाला देवाच्याच दिव्याने चुकवावे, ही गोष्ट त्या बाईंना अजून सहन होत नाही. त्या विचारतात, आत दगडाच्या कासवाला रोज पाणी घालायचे आणि बाहेर हे असे?

विश्वस्तांच्या बैठकीत यावर दोन मते पडली. एक मत असे की शिवरात्रीची रात्र ही देवाची रात्र, त्या रात्री देऊळ अंधारात ठेवले तर गावाला बोल लागेल, आणि देणगीदारांचा अवमान होईल तो निराळाच. हे मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन पैसे पाठविले, त्यांचे दिवे काढून माळ्यावर टाकणे कोणालाच शोभणार नाही. दुसरे मत दिवे बंद करावेत असे. दोन्ही मतांमधून निघणारी वाट वायरमनने दाखविली, आणि ती अगदीच सोपी आहे. सहांपैकी चार दिवे पूर्वेच्या भिंतीवर, गावाच्या बाजूला, मुख्य पायऱ्यांवर लावावेत. खरे तर वर्दळ तिकडेच अधिक असते. पश्चिमेकडील उरलेल्या दोन दिव्यांवर पत्र्याची टोपी बसवून उजेड फक्त खालच्या पायऱ्यांवर पडेल असे करावे, आणि आतला दिवा पांढऱ्याऐवजी मंद तांबूस ठेवावा. तांबूस उजेडाकडे पिल्ले तितकी ओढली जात नाहीत. पौष ते चैत्र या महिन्यांत शेजारती झाली की हे दोनही मालवावेत. शिवरात्रीला सभामंडपात समया, आणि पूर्वेच्या दीपमाळेवर तेलाचे दिवे, जसे वीज येण्यापूर्वी असत. होडीवाल्यांचा प्रश्न राहिला. त्यांनी स्वतःच सांगितले आहे की त्यांना शिखरापेक्षा बंदरावरचा दिवा अधिक उपयोगी पडतो.

देणगीदार कुटुंबाशी बोलणे झाले आहे. त्यांच्या वडील बंधूंनी एकच अट घातली, वडिलांच्या नावाची पाटी दिव्यांबरोबर पूर्वेला हलवावी. ती मान्य होण्यास कोणाची हरकत नसावी. विषय येत्या बैठकीत ठरावासाठी येईल. ग्रामस्थांनी हजर राहून मत द्यावे.

वेळाससारखा महोत्सव येथेही करावा अशी तरुण मंडळींची इच्छा आहे. उत्साह चांगला. परंतु वेळासने आधी चार वर्षे घरटी राखली आणि मग पाहुणे बोलाविले, हा क्रम ध्यानात ठेवावा. येथे पहिल्या वर्षी पाहुणे नकोत. पहाटे किनारा चालायला आठ माणसे हवीत, दोघादोघांची पाळी. जाळीसाठी आणि बांबूंसाठी थोडा खर्च. घरटे सापडले की अंडी स्वतःच्या अकलेने हलवायची नाहीत. आधी वनखात्याच्या माणसाला कळवायचे, कारण परवानगीशिवाय अंड्यांना हात लावणे हाही गुन्हाच, हेतू कितीही चांगला असो. वाळूवर मोटारसायकली नेणे बंद करावे लागेल, हे तरुण मंडळींनाच सांगणे आहे. आणि पिंडदानाचे व प्रसादाचे उरलेले अन्न किनाऱ्यावर टाकू नये, त्याने कुत्री जमतात.

पाळीसाठी नावे देण्याची वही देवस्थानच्या कचेरीत, देणगीच्या पावतीपुस्तकाशेजारी ठेवली आहे. तीत तारीख, वेळ, माग दिसला की नाही, घरटे, अंडी, शेरा असे रकाने आखलेले आहेत. माग दिसला नाही तरी तसे लिहावयाचे आहे. काल सायंकाळपर्यंत पाच नावे आली होती. पहिले नाव झाडलोट करणाऱ्या बाईंचे आहे.